खवणीचा हरवलेला हात

माझ्या उजव्या कुशीवर, पायाच्या थोडे वर, दोन भोके आहेत. एक वाटाण्याएवढे, दुसरे मोहरीएवढे. मोठ्या भोकाची कड आतून गुळगुळीत आहे. लहान भोकाची कड एकाच बाजूला किंचित झिजली आहे. नीट पाहणाऱ्याला एवढ्यावरून कळावे, की मोठ्या भोकात पूर्वी काहीतरी फिरत असे आणि लहान भोकातून काहीतरी ओढले जात असे. पण इतके नीट पाहणारे माणूस मला पुष्कळ वर्षे भेटले नाही.

मित्रांनो, मी नारळ खवण्याची खवणी आहे, आणि चांगलीच म्हातारी आहे. पाटावर बसून जिच्यावर खवतात ती मी नव्हे. मी टेबलाची कड शिकंज्यात पकडून उभी राहते. एका बाजूला माझे हँडल, दुसऱ्या बाजूला दातेरी पात्यांचे गोल डोके. हँडल फिरवले की डोके फिरते. त्यावर नारळाची वाटी दाबून धरायची, म्हणजे खाली ताटात चव पडतो. खवलेल्या ओल्या खोबऱ्याला कोकणात चव म्हणतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. माझ्या अंगावर 'पेटंट' हा शब्द, एक लांबलचक आकडा आणि एकोणीसशे अकरा हे साल उठवलेले आहे. त्या काळी लोकांना घरातल्या बारीकसारीक अडचणींवर युक्त्या शोधण्याचा मोठा नाद होता. कोणी बटाटे सोलायला काही काढी, कोणी बाटलीचे बूच उपटायला. माझ्या कर्त्याची अडचण अशी होती, की वाटी धरणाऱ्याची बोटे पात्यांवर सोलवटत. म्हणून त्याने मला एक हात दिला. लोखंडी, टोकाला तीन वाकडी बोटे असलेला. ही बोटे वाटीला मागून कवेत घेत आणि एक स्प्रिंग तिला हलकेच पात्यांकडे ढकलत राही. माणसाची बोटे सुरक्षित! हाताचा खिळा मोठ्या भोकात बसे, स्प्रिंगचे टोक लहान भोकात.

मला पहिले काम मिळाले ते किनाऱ्याने फिरणाऱ्या एका आगबोटीच्या स्वयंपाकघरात. बोट मोडीत निघाली तेव्हा तिथल्या स्वयंपाक्याने मला घाईघाईने पिशवीत कोंबले आणि रत्नागिरीजवळच्या आपल्या गावी नेले. माझा हात मात्र बोटीवरच राहिला.

तेव्हापासून माझी भोके हा घरातला एक चर्चेचा विषय झाला. कोणी म्हणे, ती दोरी ओवून टांगण्यासाठी असणार. कोणी म्हणे, ओतताना चुकून राहिली असतील. मला सगळे ठाऊक होते, पण खवणीला सांगता कुठे येते?

हाताशिवायही माझे बरे चालले होते. स्वयंपाक्याच्या नातवाशी लग्न होऊन रखमाबाई घरात आल्या, आणि माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. त्या डाव्या हाताने वाटी अशी फिरवत, की खोबरे करवंटीपर्यंत निघे, पण पाठीचा एक तपकिरी कण ताटात पडत नसे. गावात लग्न असले की मांडवातून निरोप यायचा, "रखमाला बोलवा, आणि तिची खवणी पण आणा म्हणावं." दोघींना मान सारखाच असे.

दोन वर्षांपूर्वी रखमाबाईंना अर्धांगाचा हलका झटका आला. त्या चालू लागल्या, बोलू लागल्या, पण डाव्या हातातली पकड गेली. यजमान आधीच वारले होते. त्यांचा मुलगा धनंजय ओमानमधल्या सोहारच्या बंदरात इंजिनिअर आहे. तो आईला घेऊन जायला आला. रखमाबाईंनी सामानात दोन लुगड्यांच्या घड्यांमध्ये मला ठेवले. विमानतळावर सामान तपासणाऱ्या पोराने मला बाहेर काढले आणि चमकून विचारले, "आजी, हे हत्यार आहे का?"

"हाय की. पण नारळासाठी. तू नारळ हायस का?"

पोर हसले आणि आम्ही दोघी ओमानला पोचलो.

सोहारच्या फ्लॅटमधला ओटा ग्रॅनाइटचा होता, चांगला जाडजूड. माझ्या शिकंज्याचे तोंड तेवढे उघडेना. मग धनंजयने एका जुन्या टेबलाला फळी ठोकून माझी सोय केली. रखमाबाईंनी मोठ्या हौसेने पहिला नारळ फोडला, डाव्या हातात वाटी घेतली आणि उजव्याने हँडल फिरवले. वाटी सुटली, उडाली आणि फ्रिजखाली गेली. दुसऱ्या वेळी कोपराने दाबून पाहिली, तर ती थेट बैठकीच्या खोलीत. धनंजयची नऊ वर्षांची लेक आकांक्षा टाळ्या पिटून ओरडली, "आज्जी, तुझं कोकोनट फ्लाय करतंय!"

रखमाबाईही हसल्या. पण नंतर त्यांनी मला स्वच्छ पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ओट्याखालच्या कपाटात अगदी मागे ठेवले. संध्याकाळी त्या मुलाला म्हणाल्या, "धनू, माझं तिकीट काढ."

कपाटाच्या आतून मला सगळे ऐकू येत असे.

"आई, तिकडे तुझ्याजवळ कोण आहे?" धनंजय म्हणाला.

"आळीतली माणसं हायत. म्हस हाय."

"म्हैस तुला औषधं देणार का?"

"तू देतोस रे बाबा, मी नाय कुठं म्हणते? पण सकाळी तुम्ही दोघं गाड्या काढून जाता, पोर शाळंत जाते. मी नुसती बसते. जेवायला बोलावलंत की जेवते. पाहुण्यानं असं किती दिवस राहायचं?"

"तू पाहुणी आहेस का?"

"मग काय हाय?"

धनंजयने तिकीट काढले नाही आणि त्यांनीही राहते असे म्हटले नाही. बाजारातून खवलेल्या खोबऱ्याच्या गोठवलेल्या पुड्या येऊ लागल्या. रखमाबाईंनी एकदा चिमूटभर तोंडात टाकून पाहिले आणि म्हणाल्या, "भुसा बरा हाय." रमजान आला, गेला. उन्हाळा आला, गेला. व्हिसाची मुदत संपत आली. धनंजय विचारी, "आई, ऑफिसातला माणूस मागे लागलाय. मुदत वाढवायची ना?" त्यावर एकच उत्तर येई. "बघू."

मुलांनो, न वापरलेल्या वस्तूला गंज लागतो तो एकदम नाही. आधी चमक जाते, मग सांधे आखडतात, मग एक दिवस हँडल फिरतच नाही. रखमाबाईंचेही तसेच होत चालले होते. त्या आता स्वयंपाकघरात फारशा येईनाशा झाल्या.

धनंजयची बायको शिवांगी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत धातूंची तपासणी करते. बोलणे कमी, पाहणे फार. एका शुक्रवारी ती कपाट आवरत होती. तिने माझ्यावरचा कागद सोडला, मला रॉकेल लावून ब्रशने घासले, आणि घासता घासता थांबली. खिडकीशी नेऊन तिने माझ्या भोकांत डोकावून पाहिले. मोठ्यात बोटाचे टोक फिरवले. लहान भोकाच्या झिजलेल्या कडेवर नख टेकवले.

"इथे काहीतरी होतं," ती स्वतःशीच म्हणाली. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही हे त्या दिवशी बरे झाले, नाहीतर पुन्हा गंजले असते.

तिने माझ्यावरचा आकडा संगणकात घातला. जुनी पेटंटे आता जगात कुठूनही पाहता येतात. थोड्या वेळाने पडद्यावर माझे चित्र उमटले. माझ्या तरुणपणीचे, हातासकट! प्रत्येक भागाला बारीक आकडा, आणि खाली त्याचे वर्णन.

"मम्मा, पेटंट म्हणजे काय?" आकांक्षाने विचारले.

"कोणी नवी युक्ती काढली, की सरकार सांगतं, काही वर्षं ही फक्त तुझी. दुसऱ्या कोणी तुला न विचारता करायची नाही. पण त्या बदल्यात युक्ती सगळी लिहून द्यायची, चित्र काढून द्यायचं. काही लपवायचं नाही."

"मग आपण त्याला विचारायचं? पण तो तर आता डेड असेल ना?"

"मुदत कधीच संपली. आता ती सगळ्यांची. आपलीसुद्धा."

मी आजवर त्या आकड्याकडे मोठेपणाची खूण म्हणून पाहत होते. त्याचा खरा उपयोग मला त्या दिवशी समजला. माझ्या कर्त्याने काही हातचे राखले नव्हते, म्हणून शंभर वर्षांनी, त्याने ज्याचे नावही ऐकले नसेल अशा गावी, माझा हात पुन्हा होऊ शकत होता.

चित्रात मापे होती, पण स्प्रिंग किती ताठ असावी हे दिलेले नव्हते. नारळ ज्या जोराने दाबावा तेवढी, असे मोघम लिहिले होते. शिवांगीने विचार केला. मग तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा उभा करून फळीला टेकवला, त्यावर नारळाची वाटी धरली आणि सासूबाईंना हाक मारली.

"आई, खवताना वाटी जेवढी दाबता ना, तेवढीच इथे दाबा बरं."

"कशाला?"

"मोजायचंय."

"माझा हात मोजतेस?" रखमाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले. "डावा तर गेला."

"उजव्याने दाबा. अंदाज डोक्यात असतो."

रखमाबाईंनी डोळे मिटले आणि वाटीवर तळवा टेकवला. काट्यावरचे आकडे थोडे वर गेले, थोडे खाली आले आणि थांबले. सातशे ग्रॅम. शिवांगीने पुन्हा दाबायला सांगितले. पुन्हा जवळजवळ तेवढेच.

"अगो, कोवळ्याला एवढं नको," डोळे न उघडताच रखमाबाई म्हणाल्या. "जून नारळाला एवढं. कोवळा असंल तर असं." आकडे चारशेवर आले.

"म्हणजे स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता आला पाहिजे," शिवांगी म्हणाली. "हे त्याला सुचलं नव्हतं."

"त्यानं नारळ कधी खाल्लान असंल तर ना!"

हात करायला दिला तो सनायामधल्या कासमभाईंना. सनाया म्हणजे इथली वर्कशॉपची वस्ती. कासमभाई चिपळूणचे, लेथवरचे पक्के कारागीर. त्यांनी हात झकास केला, पण स्प्रिंग हाताशी होती ती लावली. ती इतकी ताठ की हँडल जागचे हलेना. जोर लावला तर पाती करवंटीत घुसली आणि चवाऐवजी तपकिरी कीस पडला.

हात बसवायला घरी आलेल्या कासमभाईंना रखमाबाई म्हणाल्या, "कासम, ही स्प्रिंग कुठल्या गाडीची काढलीस?"

"काय ओ काकी, वळखलीत? खरंच गाडीची हाय." ते खो-खो हसले. "खलास, दुसरी करून देतो. पण मजुरी पैशात घेणार नाय. घावने नि नारळाचा रस. आठ महिने झाले, तोंडाला चव नाय."

दुसरी स्प्रिंग नरम होती, आणि तिच्या टोकाशी ताण बदलणारा एक स्क्रू होता. शिवांगीने खिळा माझ्या मोठ्या भोकात बसवला, स्प्रिंगचे टोक लहान भोकात अडकवले. रखमाबाईंनी उजव्या हाताने वाटी तीन बोटांत ठेवली. त्याच हाताने हँडल धरले. फिरवले. थांबल्या, वाटी थोडी वळवली, पुन्हा फिरवले. ताटात पांढराशुभ्र चव पडू लागला. पूर्वीपेक्षा वेळ लागत होता, पण वाटी हलत नव्हती. त्यांनी चिमूटभर चव उचलून उजेडात धरला. पाठीचा एकही कण नव्हता. मग स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि दुसरी वाटी घेतली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल, जिला आता काम जमत नाही असे सगळे म्हणतात. तिला भंगारात देण्याआधी जरा उजेडात नेऊन पाहा. तिचे काय हरवले आहे ते तिच्या अंगावर कुठेतरी दिसत असते. आणि तुम्ही स्वतः एखादी युक्ती काढलीत, तर ती सगळी लिहून ठेवा, मोकळ्या मनाने. कोणाच्या उपयोगी पडेल हे तुम्हाला आज कळणार नाही.

पुढच्या शुक्रवारी कासमभाई जेवायला आले. रखमाबाई सकाळपासून स्वयंपाकघरात होत्या. शिवांगी तव्यावर घावने घालत होती आणि त्या खुर्चीवर बसून माझ्याशेजारून हुकूम सोडत होत्या. "पीठ पातळ कर. आणखी. आकांक्षा, वेलची कुट. बघत काय बसलीस?" आकांक्षा कुटत होती, निम्मी वेलची जमिनीवर उडवत होती. धनंजयला गूळ चिरायला बसवले होते.

पहिली पाच घावने कासमभाईंनी एकामागून एक खाल्ली. मग वाटीतला रस पिऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमची बायको येतेय गावावरनं. तिला वाटतं, तिच्यासारखा रस कोण करत नाय. तिला इथं आणून बसवणार होतो काकी, तुमच्यासमोर. पण तुम्ही म्हणे निघालात?"

धनंजयची सुरी गुळावर थांबली. शिवांगीने तव्यावरचे घावन उलटले नाही. गेले कित्येक महिने जे घरात फक्त मुदतीच्या आडून विचारले जात होते, ते पाहुण्याने सहज विचारून टाकले होते.

रखमाबाईंनी माझे हँडल फिरवणे थांबवले नाही. वाटीच्या तळाशी थोडे खोबरे उरले होते ते खरवडून निघेपर्यंत त्या फिरवत राहिल्या. मग करवंटी काढून बाजूला ठेवली, नवी वाटी बसवली आणि मुलाकडे पाहिले.

"धनू, तुझ्या हापिसातल्या माणसाला सांग, मुदत वाढव म्हणावं. मी इथंच राहते."