जीवरामभाऊंचा कान

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. जळगावात एका कपाटात पडून असतो. तुम्हाला माझी गोष्ट सांगायची, तर माझ्या मालकाची, जीवरामभाऊंचीच सांगावी लागेल.

असोद्याचे जीवरामभाऊ आधी वरातीत डीजेच्या गाडीवर काम करत. दहा वर्षे ते त्या कर्ण्यांना खेटून उभे राहिले. मग डाळ मिलच्या मागे खोली घेऊन, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यांनी गाण्यांचा स्टुडिओ उघडला आणि मला आणले. अहिराणी गाणी म्हणणाऱ्या बायका धुळ्याहून एसटीने येत. भाऊ त्यांना चहा पाजत, माझी उंची जुळवत आणि डोळे मिटून ऐकत. कुणाचा श्वास जरा चुकला तरी त्यांना कळे. "कान असावा तर जीवरामचा!" असे लोक म्हणत, तेव्हा मलाच मोठेपणा वाटे.

पुढे भाऊ हेडफोनचा आवाज वाढवू लागले. पत्नी कुंदाबाईंनी दारातून तीन हाका मारल्या तरी वळून पाहीनात.

"डॉक्टरांना कान दाखवा," त्या कळवळून म्हणाल्या.

"कामाच्या नादात होतं गं," भाऊ हसले. गावात कळले तर गाणारे येणार नाहीत, या भीतीने ते गेलेच नाहीत.

मग सत्तरीच्या बेबाबाई आल्या. हळदीची जुनी गाणी त्यांनाच तेवढी येत. माझी वायर झिजली होती, गाण्यात घरघर मिसळत होती. मला ती कळत होती, पण सांगणार कसे?

"एकदम स्वच्छ!" भाऊ म्हणाले.

गाणे मोबाईलवर पसरले, लोक हसले. आठवड्याने बेबाबाई फोन घेऊन आल्या.

"भाऊ, बठ्ठा गाणामा हाई घरघर काय वाजी ऱ्हायनी?"

भाऊंनी फोन कानाशी धरला. दोनदा ऐकले. त्यांचा चेहरा उतरला.

"मला नाही ऐकू येत, अक्का."

"ऱ्हाऊ दे. मी परत म्हनसू."

"म्हणाल हो. पण ऐकणार कोण?"

त्या दिवशी भाऊंनी माझी वायर काढली. डॉक्टरांनी सांगितले, फार उशीर झाला; यंत्राने बोलणे समजेल, सूर समजणार नाहीत. स्टुडिओला कुलूप लागले. आता काही सांगायचे असले की कुंदाबाई भाऊंच्या समोर जाऊन उभ्या राहतात.

मित्रांनो, मला कुणी पुन्हा वापरा, असे मी म्हणत नाही. हेडफोनचा आवाज तेवढा कमी ठेवा. आणि घरचे कुणी "कान दाखव" म्हणाले, तर त्याच दिवशी जा.