सुबरावांचा उजवा कान

मी कानाचं मशीन बोलतोय. शेंगदाण्याएवढा माझा जीव. कानामागं बसायचं आणि बाहेर जे काही असेल ते मोठं करून बारीक नळीतून आत सोडायचं, एवढंच माझं काम. निवड करणं मला जमत नाही. पाखराचा आवाज आणि बुलेटचा आवाज मला सारखाच. त्यापायी गेले पाच महिने मी शिव्या खातोय.

माझे मालक सुबराव. वय बासष्ट. बेळगावातल्या वडगावात त्यांच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, शेडमध्ये साड्यांचे चार यंत्रमाग. त्या खडखडाटात त्यांची पस्तीस वर्षं गेली. कान कधी गेले ते त्यांना कळलंच नाही. त्यांच्या बायकोला, अंजनीबाईंना, मात्र केव्हाच कळलं होतं.

"काय बी सांगितलं तर नुसतं 'हं' म्हणत्यात," कान तपासणाऱ्या दिपाली मॅडमना त्या म्हणाल्या. "घरात साप शिरलाय म्हटलं तरी 'हं'."

मॅडमनी मला उजव्या कानावर चढवलं तसे सुबराव दचकले. "हे काय घरघरतंय?"

"पंखा आहे, काका."

"पंख्याला आवाज असतोय व्हय?"

घरी आल्यावर पहिल्याच कुकरच्या शिट्टीला त्यांनी मला उपटलं आणि कपाटात टाकून दिलं. पंधरा दिवस मी तिथंच पडून होतो. असा राग आला होता मला! ज्याच्यासाठी जन्माला आलो तोच मला तोंड दाखवेना.

पुढच्या खेपेला मॅडमनी त्यांना चांगलंच सुनावलं. "काका, ऐकायची सवय मोडलीय तुमची. रोज अर्धा तास एकटे चाला. फोन घरी ठेवा, कुणाशी बोलू नका. हळू चाला आणि कुठला आवाज कशाचा, ते ओळखत जा."

अंजनीबाईंनी त्यात आपली भर घातली. "आणि चालता चालता विनूला काय सांगायचं त्याचाबी विचार करा. दसऱ्यापर्यंत सांगतो म्हणलाय तुम्ही."

विनोद त्यांचा मुलगा. बंगळूरला नोकरीला. त्याचं म्हणणं एकच, "आप्पा, माग विका आणि इकडं या." सुबरावांना ना 'हो' म्हणवत होतं, ना 'नाही'.

मग रोज संध्याकाळी आम्ही निघायला लागलो. वडगावातून शहापूर, खडेबाजार आणि मग परत. सुबराव पाठीमागं हात बांधून पावलं मोजल्यासारखे चालायचे आणि पुटपुटायचे. "ही सायकलची साखळी. हा डोश्याचा तवा. ही... ही काय बया?" ती त्यांच्याच चपलेची करकर होती. कितीतरी वर्षांत त्यांनी ती ऐकली नव्हती.

पण विनूला द्यायचं उत्तर काही सापडेना. सतरा दिवस झाले. कन्नड, मराठी, हिंदी, हॉर्न, बँड, सगळं एकदम कानात. अठराव्या दिवशी त्यांनी मला मुठीत घेतलं आणि भर रस्त्यात म्हणाले, "एवढं चालून हाती काय आलं? कालवा!" मी शिट्टी वाजवली. मुठीत धरलं की मला तेवढंच येतं. लोक बघायला लागले, तेव्हा त्यांनी मला नाइलाजानं परत कानावर चढवलं.

तेवढ्यात पुढं त्यांना मष्णू दिसला. मष्णू त्यांच्याच शेडमधला कामगार, चौतीस वर्षांचा. वीस वर्षांचा असताना कामाला आलेला. पाळी संपवून घरी निघाला होता. एका दुकानापुढं सुताचे गठ्ठे लादलेला टेम्पो पीं पीं करत मागं येत होता आणि हा पठ्ठ्या त्याच्या मागच्या बाजूनं निवांत चाललेला.

"मष्ण्या!" सुबराव ओरडले. तो वळला नाही. टेम्पो मागं येतच होता. गल्लीतली चार माणसं ओरडली. तरी तो वळला नाही.

बासष्ट वर्षांचा माणूस धावला आणि त्यानं मष्णूला शर्टाला धरून ओढलं. दोघंही दुकानाच्या पायरीवर आपटले.

"दिसलंच न्हाय, अण्णा," मष्णू हसत म्हणाला.

"दिसायचं न्हवतं रं, ऐकायचं हुतं! किती वर्सं झाली असं व्हतंय?"

"हं," मष्णू म्हणाला.

सुबरावांच्या कानाखालची शीर उडायला लागली, ती मला जाणवली. त्यांनी त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारलं.

मष्णूचं हसू गेलं. "तीन-चार वर्सं. पोरगी बोलते ते कळत न्हाय. घरात सांगू नका, अण्णा. आणि शेड बंद करू नका. मला दुसरं काय येतंय?"

त्या संध्याकाळी सुबराव घरी न जाता शेडमध्ये गेले. दुसऱ्या पाळीचे माग चालू होते. मला कानावर ठेवून ते मागांसमोर उभे राहिले. खडखडाट असा आदळला की त्यांचे डोळे पाणावले. तरी त्यांनी मला काढलं नाही. ज्या आवाजावर आपलं घर चाललं तो कसा आहे, हे त्यांना पुरतं ऐकायचं होतं.

रात्री फोनवर ते विनोदला म्हणाले, "माग विकतो. पण मष्णूला दुसरं काम लागल्यावर. आणि चालवायला कुणाला देणार न्हाय, भंगारातच घालणार."

"आप्पा, हा काय हट्ट? चालू माग कुणी भंगारात घालतं का?"

"हट्टच म्हण. माझ्या मागानं आता आणि कुणाचा कान खायला नको."

विनोदनं फोन ठेवला. दसरा होऊन गेला, त्याचा राग अजून आहे. अंजनीबाईही दोन दिवस बोलल्या नाहीत. बोलत नाहीत हे या वेळी सुबरावांना कळलं.

मष्णूला त्यांनी स्वतः दिपाली मॅडमकडं नेलं. त्याच्याही कानावर माझ्यासारखंच एक बसलं. नवं, चकचकीत. भावकीतलं कुणी भेटल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. झाला नाही. चौतीस वर्षांच्या माणसाच्या कानावर आमचं काय काम?

"ऐकू येतंय का रं?" सुबराव ओरडले.

"हळू बोला की, अण्णा. शेजारीच बसलोय."

आता सुबराव मष्णूसाठी काम विचारत हिंडतात. खडेबाजारातल्या आठ साडीच्या दुकानांत विचारून झालं. साडीचा पोत मष्णूला हात लावला की कळतो, असं ते सांगतात. दुकानदार ऐकून घेतात आणि विचारतात, "पण त्याला गिऱ्हाइकाचं ऐकू येईल का?" बाहेर पडल्यावर सुबरावांचे दात करकरतात. तेही मीच त्यांच्या कानात पोचवतो.

उद्या नववं दुकान.

तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. घरात, दुकानात, रस्त्यात कुणी तुम्हाला "काय म्हणालात?" असं विचारलं, तर "काही नाही, जाऊ दे" म्हणू नका. आवाज मोठा करणं मला जमतं. न बोललेलं ऐकवणं जमत नाही. तेवढं एक वाक्य पुन्हा सांगा.