मी, डिपर देणारी जीप

ते २०१९ साल होते. पावसाळा सरला होता आणि भात कापणीला आले होते. शहापूरहून मुरबाडला जाणारा आमचा रस्ता नुकताच रुंद आणि गुळगुळीत झाला होता.

मित्रांनो, मी त्या रस्त्यावरची एक काळी-पिवळी जीप. आता सापगावात देवरामच्या घरामागे चिंचेखाली उभी असते. माझी चाके मातीत रुतली आहेत. तुमच्यातली काही मुले संध्याकाळी माझ्यात येऊन बसतात, तोंडाने गिअर बदलतात आणि एकमेकांना "दाब, अजून दाब" म्हणतात. तुमचा खेळ मला आवडतो. पण तो शब्द ऐकला की जुने काहीतरी आठवते.

मी नवी होते तेव्हा देवरामच्या बायकोने, रंभाने, माझ्या बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटे ओढली होती. देवराम पहाटे उठून आधी माझे दिवे पुसायचा, मग स्वतःचे तोंड धुवायचा. माझ्यातून नवऱ्या सासरी गेल्या, तापाने फणफणलेली पोरे दवाखान्यात गेली, डोळखांबच्या बाजूची माणसे पोटापाण्यासाठी गाठोडी घेऊन निघाली. त्या काळी रस्त्याला इतके खड्डे होते की वेग आवरायला पोलिसाची गरजच नव्हती.

रस्ता चांगला झाला आणि सगळ्यांच्या पायांना सुरसुरी आली. देवरामच्याही आली. एके दिवशी वळणाअलीकडच्या ऐनाच्या झाडाखाली वाहतूक पोलिसांनी हात दाखवला. पौर्णिमा मॅडम म्हणून एक तरुण पोलीस होत्या. हातात वेग मोजायचे यंत्र होते.

"काका, किती वेगात होता माहीत आहे?"

"म्याडम, ही म्हातारी एवढी पळत असंल तर हिचा सत्कार करायला पायजे."

मागे बसलेली माणसे हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी यंत्रावरचा आकडा देवरामला दाखवला. "सत्कार घरी करा. चलान मोबाईलवर येईल."

पुढच्या सीटवर कमळाबाई होती. सुक्या बोंबलांची पाटी घेऊन ती मुरबाडच्या बाजाराला जायची. तिचे येणे मला लांबून वासानेच कळायचे. गाडी सुरू झाल्यावर ती म्हणाली, "काय रे देवराम, माज्या बोंबलांचा वास सोसला नाय वाटतं हिला. पळाली ती."

देवराम हसला, पण भरल्या गाडीसमोर झालेला अपमान त्याच्या मनातून गेला नाही. तेव्हापासून त्याने एक नेम धरला. वाटेत पोलीस दिसले की पुढे गेल्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो माझे दिवे दोनदा उघडझाप करून दाखवायचा. ड्रायव्हर लोक त्याला डिपर देणे म्हणतात. समोरचा समजायचा, वेग कमी करायचा, हात वर करून जायचा. सगळे ड्रायव्हर तसे करत, पण देवरामसारखे न चुकता कोणी नाही. नाक्यावर त्याला चहाचे पैसे द्यावे लागत नसत. "देवरामची गाडी दिसली की जीव भांड्यात पडतो," असे लोक म्हणत. मलाही माझ्या दिव्यांचा अभिमान वाटे.

कमळाबाईचा मुलगा इंद्रजीत पिकअप चालवायचा. मुरबाडकडच्या पोल्ट्रीतून कोंबड्या भरून शहापूरला आणायच्या, हे त्याचे काम. रस्त्यात तो आमच्या बाजूने असा जायचा की माझ्या काचा थरथरत. एकदा कमळाबाई त्याच्या शेजारी बसून निघाली आणि अर्ध्या वाटेत उतरून, पाटी डोक्यावर घेऊन माझ्यात येऊन बसली.

"त्याला सांगते तर म्हणतो, आये, उभ्या गाडीत कोंबड्या गुदमरतात. वारा लागाया पायजे."

"जवान पोरगा हाय, कमळाताय," देवराम म्हणाला. "लग्न झालं की आपोआप हळू व्हईल."

"तवर रस्ता थांबल का रे त्याच्यासाठी?"

देवरामने गिअर बदलला. पुढची गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती. एका दुपारी तो टपरीवर चहा पीत होता आणि मी झाडाखाली उभी होते. कमळाबाई माझ्यातून उतरून सरळ पौर्णिमा मॅडमकडे गेली.

"म्याडम, एक काम हाय. माज्या पोराला धरा."

मॅडमना वाटले, घरात भांडण झाले असेल. "काय केलंय त्यानं? मारतो का तुम्हाला?"

"नाय गो बाय, लय गुणाचा हाय. फकस्त गाडी वाऱ्यासारखी चालवतो. पांढरा पिकअप, मागं निळी ताडपत्री. रोज याच टायमाला येतो. माजं ऐकत नाय, वर्दीचं ऐकल. लायसन काढून घ्या थोडं दिवस. घरी बसला तरी चालल."

मॅडमनी हातातले यंत्र तिला दाखवले. मग म्हणाल्या, "आजी, यंत्रात वेग जास्त आला तरच मला धरता येईल. उद्या मी इथेच आहे."

"त्याला माजं नाव सांगू नका," कमळाबाई म्हणाली. आईने पोराला पकडून दिले असे गावात झाले असते, म्हणून देवरामलाही तिने काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुरबाडकडे निघालो. झाडाखाली मॅडम उभ्या होत्या. त्यांनी कमळाबाईकडे पाहून किंचित मान हलवली. आम्ही पुढे गेलो, वळण घेतले, आणि समोरून निळ्या ताडपत्रीचा पिकअप सुसाट येताना दिसला.

कमळाबाईने पदर घट्ट धरला. देवरामचा हात नेहमीप्रमाणे दिव्यांच्या बटणाकडे गेला. मित्रांनो, ते दिवे माझे होते, पण माझ्या ताब्यात नव्हते. दोनदा उघडझाप झाली. इंद्रजीतने वेग कमी केला, हसून हात वर केला आणि शहाण्या मुलासारखा आमच्या बाजूने गेला.

"दिवा का दाखवलास रे?"

"आपला इंद्रजीत व्हता ना. पुढं म्याडम उभ्या हायत."

"मीच उभी केली व्हती त्यांना," कमळाबाई म्हणाली.

देवरामला आधी समजलेच नाही. तिने सगळे सांगितले तेव्हा त्याने मला कडेला घेतले. "मला सांगायचंस तरी, ताय."

"फोन लाव त्याला. सांग, हळू जा."

देवरामने फोन लावला. वाजला, पण कोणी उचलला नाही. मुरबाडच्या नाक्यावर पोचेपर्यंत त्याच नंबरवरून उलट फोन आला, पण आवाज परक्या माणसाचा होता. पिकअप पोलिसांसमोरून अगदी हळू गेला होता. पुढे रस्ता मोकळा मिळताच इंद्रजीतने गेलेला वेळ भरून काढायला घेतला, आणि सापगावच्या अलीकडच्या उतारावर पिकअप उलटला. आम्ही परत तिथे पोचलो तेव्हा रस्ताभर पांढरी पिसे उडत होती. पिकअपखालून माणसे त्याला बाहेर काढत होती.

इंद्रजीतचा जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

त्यानंतर देवरामने पोलिसांसाठी कधी डिपर दिला नाही. रस्त्यात गुरे असली, शाळेची पोरे असली, तर देई. ड्रायव्हर चिडले. "देवराम फितला," असे त्याच्या तोंडावर म्हणू लागले. चहा बंद झाला. पुढे माझे वय झाले, परवाना संपला, आणि त्यानेही गाडी सोडली. आता तो एका गोदामावर राखणदार आहे. इकडे माझे दिवे पुसायला कोणी येत नाही, त्यांवर धूळ चढली आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही.

तुम्ही उद्या मोठ्या गाड्या चालवाल. रस्त्यात कोणी हात दाखवून थांबवले तर राग येईल, लाज वाटेल, उशीरही होईल. तरी थांबा. आणि पुढच्या माणसाची त्यातून सुटका करायला धावू नका. कदाचित त्याच्यासाठी कोणीतरी तेवढेच मागितलेले असते.

पौर्णिमा मॅडमची बदली झाली. जाण्याआधी त्या कमळाबाईच्या घरी आल्या होत्या. "कागद बघायच्या निमित्ताने तरी थांबवायला हवं होतं," एवढेच त्या म्हणाल्या. कमळाबाई अजून बोंबील विकते, एसटीने जाते. इंद्रजीत पोल्ट्रीत काट्यावर बसून कोंबड्यांचे वजन करतो. त्याचे लग्न झाले, वैष्णवी नावाची सून आली. आईने पोलिसांना काय सांगितले होते, ते त्याला आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही.

सणासुदीला देवराम त्यांच्याकडे जातो. इंद्रजीत कुबडी सावरत उठतो, त्याला खुर्ची देतो आणि आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, "पुढचं माजं नशीब. पण त्या दिवशी देवरामकाकानं दिवा दाखवला म्हणून, नायतर म्याडमनी मला धरलाच व्हता." देवराम खाली बघतो. कमळाबाई चहा टाकायला आत जाते.