दोन बोटं ढिलं

बाबांच्या गाडीचं स्टिअरिंग दोन बोटं ढिलं झालं होतं. म्हणजे ते तेवढं फिरेपर्यंत चाकांना पत्ताच नसायचा. "जुन्या गाडीला थोडी मोकळीक द्यावी लागते," बाबा म्हणायचे. मुलाला ती त्यांनी कधी दिली नव्हती. चाळिशी उलटली तरी त्याला गाडी येत नव्हती. त्यामुळे आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं काम बाबांचं आणि घरी बसून काळजी करायचं काम मुलाचं. त्यात तो तरबेज होता.

अखेर हट्ट धरून त्याने गाडी मिस्त्रीकडे नेली. म्हणजे बाबांनी नेली, तो शेजारी बसला.

मिस्त्री गाडीखाली शिरला. "काका, स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवा. जोरात."

खाली काहीच वाजेना.

"हलवताय ना?"

"मग काय झोपलोय?"

वर्षानुवर्षं गोंजारून गोंजारून बाबांचा हात फार अलगद झाला होता.

"दादा, तुम्ही बसा बघू."

उभ्या गाडीला लायसन्स लागत नाही. मुलाने स्टिअरिंग गदागदा हलवलं. खालून खट्-खट् आवाज आला.

"सापडला चोर! टाय रॉडचा सांधा पार झिजलाय."

"माझेही झिजलेत," बाबा म्हणाले. "मला कोणी बदलत नाही."

संध्याकाळी नवा सांधा बसवून मिस्त्रीने गाडी दारात आणून लावली. "हात सोडला तरी सरळ जाते," म्हणाला. आयुष्यात एक तरी गोष्ट आपण मार्गी लावली, असं वाटून मुलगा त्या रात्री गाढ झोपला.

सकाळी दवाखान्यात निघताना आई पुढे बसली, या वेळी तोही मागे. गाडी रस्त्याला लागली आणि झोकांड्या खाऊ लागली. बारीक बारीक, डावीकडे, उजवीकडे.

"बिघडवून ठेवलीस!" बाबा कडाडले.

मिस्त्रीचा उद्धार करायला मुलगा पुढे वाकला आणि त्याची नजर बाबांच्या हातांवर गेली. हात थरथरत होते. कधीपासून, देव जाणे. आजवर ती थरथर स्टिअरिंगच्या त्या दोन बोटं ढिलेपणात जिरत होती. आता थेट चाकांपर्यंत पोचत होती.

त्याने आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"तरी म्हणत होते," ती हळूच म्हणाली, "राहू दे ढिलं."

"आई, तुला माहीत होतं?"

"गप्प बस. त्यांना चालवू दे."

समोरून बस येत होती. मुलाने दुसरं काही येत नसल्यामुळे पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.