शिडीवीराचा एकुलता एक अंक

मी शिडीवीर नव्हे. तो ज्यात छापलाय, तो चित्रकथेचा अंक मी. वीरांना बोलायला फुरसत नसते आणि अंकांना कुणी विचारत नाही, म्हणून आज आपणहूनच तोंड उघडतोय.

माझा जन्मदाता दुकानांच्या पाट्या रंगवायचा. उंचीची त्याला भयंकर भीती. पाटी जरा वर असली, की खालून कुणीतरी शिडी घट्ट धरल्याशिवाय तो पहिल्या पायरीवरही पाय ठेवत नसे. अशा माणसानं शिडीवीर काढला! खांद्यावर घडीची शिडी, उघडली की थेट ढगापर्यंत. जिथे कुणी अडकलंय तिथे हा चढून जाणार. पण माझ्या प्रत्येक पानावर खाली शिडी धरायला कुणी ना कुणी आहेच. कधी न्हावी, कधी धोबीण. एकदा तर ज्याला पकडायचं तो चोरच.

स्वस्तातल्या कागदावर मी छापला गेलो, थोडाफार खपलो. माझे भाऊबंद रद्दीत गेले. जन्मदाताही लवकर गेला. लेक तेव्हा लहान होती. मी तिच्या ट्रंकेत स्वेटरांखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलो. ती मोठी झाली, परिचारिका झाली, निवृत्तही झाली. अधूनमधून मला ऊन दाखवायची. कसरीनं माझा एक कोपरा खाल्ला. इतक्या वर्षांत तेवढाच काय तो माझा वाचकवर्ग.

मग एका प्रकाशकाला साक्षात्कार झाला. चपलांच्या दुकानावर त्याची कचेरी. जन्मभर वह्या आणि कॅलेंडरं छापलेली. सगळे त्याला मालक म्हणत. जुन्या वीरांच्या हक्कांची मुदत संपली, की ते सगळ्यांचे होतात, असं त्याच्या कानावर आलं. त्यानं ऐकलं ते एवढंच, की ते फुकट असतात.

"फुकटातले चार गोळा करायचे आणि फौज उभी करायची," तो म्हणाला. "जगाचं रक्षण होईल आणि आपलंही भागेल."

जुने अंक हवेत अशी जाहिरात निघाली. लेक मला पिशवीत घालून घेऊन गेली.

टेबलाभोवती मालक, त्याचा वकील मेहुणा आणि चित्रं काढणारी एक मुलगी. तिला सगळे 'चष्मा' म्हणत. वीरांची निवड सुरू झाली. लोखंड ओढणारा चुंबकराव आला, फुंकरीनं नदी गोठवणारी हिमकन्या आली. अदृश्य पोस्टमनवर तर मालक खूशच झाला. "हा आपल्याला परवडतो. काढावाच लागत नाही."

वकिलाचा सल्ला चालूच होता. "चुंबकरावाच्या मिशा उतरवा. मिशा नंतरच्या अंकात आल्यात, त्या अजून दुसऱ्याच्या मालकीच्या. हिमकन्येला बोलू देऊ नका, तिचा बोलका स्वभावही पुढचाच आहे."

"मग ती संकटात ओरडणार कशी?" चष्मानं विचारलं.

"हातवारे करू दे."

शिडीवीराचा तेवढा काही घोळ नव्हता. त्याचा मी एकच अंक. तरी मालकानं मला वरवर चाळलं आणि बोट ठेवलं. "ही खाली शिडी धरणारी माणसं काढून टाक. वीर आहे की गवंडी?"

कोपऱ्यात बसलेली लेक तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मालक, माणसं काढायची तर काढा. पण बाबांचं नाव तेवढं घाला."

मालकानं मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा म्हणाला, "तशी सक्ती नाही."

"ऐकलंत ना, ताई? तुमच्या बाबांचं घातलं, तर बाकीच्यांचे नातेवाईक रांग लावतील. नावांतच पानं संपायची."

लेक मला तिथेच टेबलावर ठेवून उठली. रुग्णाच्या नातेवाइकांना अशाच आवाजात नाही म्हणणारे पुष्कळ मोठे डॉक्टर तिनं पाहिले होते.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर चौघे वीर, म्हणजे दिसायला तिघे. शिडी आपली आपणच हवेत उभी. खाली मालकाचं नाव ठसठशीत, आणि त्याखाली 'सर्व हक्क राखीव'.

बरं खपू लागलं, तोच समोरच्या गल्लीतल्या प्रकाशकानं अस्संच पुस्तक काढलं. तोच चुंबकराव, तीच मुकी हिमकन्या, तीच अधांतरी शिडी.

"चोरी आहे ही," मालक लालबुंद झाला. "दिवसाढवळ्या दरोडा. खेचा त्याला कोर्टात."

मेहुण्यानं घसा साफ केला. "भावजी, ते सगळ्यांचे आहेत. त्याचेही आहेत."

मालक मटकन खाली बसला. आपलं म्हणावं असं काहीच हाती नव्हतं. तेव्हा चष्मानं मला त्याच्यासमोर सरकवलं. "त्यानं नक्कल मारली ती आपल्या पुस्तकाची. मूळ अंक त्याच्याकडे कुठे आहे? शिडी धरणारी माणसं त्याला ठाऊक नाहीत. शिडीवीर कुणी काढला, तेही नाही."

मालकाचे डोळे चमकले. सद्बुद्धी आणि धंदा एकाच दारानं आत आले. कोण आधी, ते मला टेबलावरून दिसलं नाही. नव्या आवृत्तीत न्हावी परतला, धोबीण परतली, चोरही परतला. आणि मुखपृष्ठावर, मालकाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत, माझ्या जन्मदात्याचं नाव आलं. पुढे 'अस्सल' असा शिक्का.

कचेरीत येऊन लेकीनं ते बराच वेळ पाहिलं. "एवढी मोठी अक्षरं बाबांनी कायम दुसऱ्यांच्याच नावांची काढली," ती म्हणाली. मग तिनं टेबलावरून मला उचललं आणि पिशवीत घातलं. मालक "अहो ताई" म्हणेपर्यंत आम्ही जिना उतरलो होतो.

आता मी तिच्या पलंगाशेजारच्या फडताळात असतो. शिवण सुटलीय, दोन पानं सुटी झालीत. मालकाचा निरोप आला होता, दुसऱ्या पुस्तकासाठी अंक पाठवा म्हणून. तिनं कळवलं, हवा तर इथे येऊन बघा.

परवा तो आला. तिनं आधी साबणानं हात धुवायला लावले. मग त्यानं मला पहिल्यापासून वाचलं. इतकं सगळं माझ्या जिवावर करून, पहिल्यांदाच. शेवटच्या चित्रात शिडीवीर ढगात शिरतो आणि दिसेनासा होतो.

"पुढे काय होतं, ताई?" मालकानं हळूच विचारलं.

"लहान होते मी. बाबांना विचारायचं राहूनच गेलं."

 मालकानं पान मिटलं नाही. तुम्हीही कधी आलात तर या, वाचा. फक्त सुटी पानं जपून उलटा.