अनवरीनं दाबून पाहिलेला शॉकअप

मित्रांनो, रावेरच्या एका अंगणात भिंतीला टेकून पडलेला मी एक म्हातारा शॉकअप आहे. पिकअप गाडीच्या मागच्या उजव्या चाकापाशी मी अकरा वर्षं राबलो. चाक खड्ड्यात आदळलं की वरची स्प्रिंग उसळते. ती उसळी मी माझ्या पोटातल्या तेलात जिरवायची, म्हणजे माल नाचत नाही. हे काम सोपं वाटत असेल, तर एकदा आमच्या केळीबागांच्या रस्त्यानं येऊन बघा. त्या रस्त्याचं डांबर कोणी खाल्लं मला माहीत नाही. पण ज्यानं खाल्लं त्याला ते पचलं, एवढं दिसतं.

माझा जोडीदार डाव्या चाकापाशी होता. आमचा मालक हबीब. कष्टाळू, पण हट्टी. बागेतून हिरव्या केळीचे घड भरायचे आणि पॅकिंग हाऊसला पोचवायचे. पहिली कैक वर्षं आमचा माल एकदाही परत आला नाही. लोक हबीबच्या हाताचं कौतुक करत. आमच्याकडे बघायला खाली कोण वाकणार? मग जास्त घड मावावेत म्हणून हबीबनं स्प्रिंगला एक जादा पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, टाकला. गाडीवर किती वजन भरायचं ते कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद वाचणारा माणूस मला उभ्या आयुष्यात भेटला नाही. दर ईदला गाडीच्या तोंडाला नवी झालर लागायची. खाली आमच्या रबरी बुशांचा भुगा झाला.

हबीबची बायको अनवरी मागच्या हौद्यात बसायची. घड एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये केळीची पानं सारायची, हातानं सावरायची. मित्रांनो, केळीला मार लागला की लगेच कळत नाही. त्या दिवशी साल हिरवीगार असते. दुसऱ्या दिवशी काळे पट्टे उमटतात.

असे पट्टे तीनदा उमटले. चौथ्यांदा पॅकिंग हाऊसचा रतिलाल बोलला, "हबीबभाऊ, राग मानू नका. उद्याचा माल बी काळा निघाला, तर परवापासून मी भटूची गाडी लावीन."

घरी येऊन हबीब म्हणाला, "पानं जास्त टाकू."

"गादी टाका, उशी बी टाका," अनवरी म्हणाली. "मिसबाहचे अब्बा, तुम्ही पुढं बसता, मी मागं. खड्डा एक येतो अन् गाडी चारदा उडते. केळीला तोंड नही म्हणून ती गप आहे. मला आहे."

"मिस्त्री सोमवारशिवाय मोकळा नही."

"माल उद्या आहे. नट खोलायचे पाने घरात आहेत ना?"

हबीब पुटपुटत गेला आणि नव्या शॉकअपची जोडी घेऊन आला. दोघांनी पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, खाली लाकडाचा जाड ठोकळा दिला. आमचे नट गंजून दगड झाले होते. अनवरीनं डिझेलात भिजवलेल्या चिंध्या त्यांना गुंडाळल्या आणि तेवढ्यात भाकरी टाकून आली. मग पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाईप चढवून तिनं जोर लावला. पलीकडून हबीबनं बोल्ट धरला. तिचे हात काळे झाले, बांगडी पिचली. पण नट हलला.

डावा जोडीदार निघाला तो तेलानं माखलेला. त्याच्या जागी नवा बसला. मग मला काढलं. मी खडखडीत कोरडा. हबीबनं मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "हा चांगला आहे. परत बसवू. दुसरा नवा खोक्यात ठेवू, पुढं कामाला येईल."

खरं सांगतो, मला आनंद झाला. माझ्या आतल्या झडपा कधीच झिजल्या होत्या. मी काहीही जिरवत नव्हतो. डावा बिचारा गळून सगळं दाखवत होता. मी कोरडा राहून फसवत होतो. उद्याचा माल काळा पडणार, हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो.

"थांबा," अनवरी म्हणाली. तिनं खोक्यातला नवा जमिनीवर उभा धरून दाबला. अंगाचा भार टाकला तेव्हा कुठं तो सरकला. ओढतानाही तसाच अडला. मग मला दाबलं. आटलेल्या हापशाचा दांडा जावा तसा मी खाली गेलो.

"याला चांगला म्हणता?"

हबीबनं स्वतः दाबून पाहिलं. एकदा, पुन्हा एकदा. "बाहेरून तर..."

"बाहेरून केळी बी हिरवी होती."

हबीबनं तो नवाच गाडीला बसवला. जादा पाटाही खोलला.

दुसऱ्या दिवशी माल गेला. तिसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा हबीब अंगणात नुसताच फोनकडे बघत राहिला. शेवटी अनवरीनंच तो उचलून त्याच्या हातात दिला.

"हबीबभाऊ, फण्या उघडून पाहिल्या," रतिलाल म्हणाला. "एक डाग नही. केलं काय तुम्ही?"

हबीब म्हणाला, "मी नुसता बोल्ट धरला. केलं अनवरीनं."

मला ती भंगारात टाकणार आहे आणि तिचं बरोबर आहे. पण त्याआधी एक मागणं आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीखाली एकदा वाका. जो गळतोय तो दिसेलच. जो गळत नाही त्यालाही खोला, उभा धरा, दाबून बघा. त्याच्या तोंडून तुम्हाला काही कळणार नाही. मीही अकरा वर्षांत बोललो नव्हतो.