बावन्न पावलांची फेरी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी कांडी आहे. लांबीला लाटण्याच्या अर्ध्याएवढी, टोकाला वाटाण्याएवढा गोल डोळा. सध्या मी एका खाकी पाकिटात, न्यायालयाच्या कोठीतल्या खालच्या फळीवर पडून आहे. पाकिटावर ‘पुरावा क्रमांक नऊ’ असं लिहिलेलं आहे. ही वेळ माझ्यावर का आली, ते तुम्हाला सांगायचं आहे. सांगताना माझी मान खाली जाईल, पण न सांगून तरी किती दिवस राहू?

माझा जन्म अमेरिकेतल्या ओहायोच्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी दक्षिणेला, पाइनच्या रानातल्या टर्नर्स बेंड नावाच्या तुरुंगात आले. माझं काम अगदी साधं होतं. तिसऱ्या रांगेत चोवीस कोठड्या होत्या. पहारेकऱ्याच्या मेजापाशी एक, मध्ये एक आणि अगदी शेवटच्या भिंतीवर एक, अशी नाण्याएवढी तीन बटणं ठोकलेली होती. दर अर्ध्या तासाला पहारेकऱ्याने मला हातात घ्यायचं, कोठड्यांत डोकावत चालायचं आणि प्रत्येक बटणाला माझं टोक लावायचं. मी ‘टुक्’ करायचे आणि वेळ पोटात साठवून ठेवायचे. आठवड्याने माझ्या पोटातलं सगळं संगणकावर उतरवलं जायचं.

मी तिथे उगीच आले नव्हते. त्याआधी शेवटच्या कोठडीत एक माणूस फास लावून गेला होता, आणि कुणाला ते दुसऱ्या दिवसापर्यंत कळलंही नव्हतं. न्यायाधीशांनी तुरुंगाची खरडपट्टी काढली आणि मला आणायला लावलं. म्हणजे बघा, सुधारणा म्हणतात ती मीच होते. माझा केवढा तोरा होता तेव्हा!

पहिली सहा वर्षं मी स्प्रेबेरी नावाच्या उतारवयाच्या गोऱ्या पहारेकऱ्याच्या हातात होते. गुडघे दुखायचे त्यांचे, पण ते शेवटच्या भिंतीपर्यंत जायचेच. प्रत्येक दारापाशी थांबून, “काय रे, जेवलास का? जिवंत आहेस ना?” असं विचारायचे. आतून कुणी तरी म्हणायचं, “तुमचं हे जेवण जेवून जिवंत आहे, हेच नवल, साहेब!” मग दोघेही हसायचे. मेजापासून शेवटच्या भिंतीपर्यंत बावन्न पावलं होती. स्प्रेबेरींच्या तळहाताच्या घामासह ती माझ्या अंगात भिनली होती.

त्या रांगेची एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर नव्हती. मेजाजवळच्या कोठड्यांना पंखा होता, तिथे गोरे कैदी असायचे. शेवटच्या आठ कोठड्या पश्चिमेच्या भिंतीला लागून होत्या. उन्हाळ्यात ती भिंत तव्यासारखी तापायची. तिथे काळे कैदी असायचे. असं कुणी ठरवलं, हे विचारलं तर कुणीच सांगू शकलं नसतं. स्प्रेबेरींनीही कधी विचारलं नाही. भला माणूस होता, पण त्यानेही विचारलं नाही, हे मला सांगायलाच हवं.

स्प्रेबेरी निवृत्त झाले आणि सार्जंट कॉय हेम्ब्री आले. तोवर पहारेकरी कमी कमी होत चालले होते. तिघांचं काम एकाच्या अंगावर पडायचं. एका दुपारी हेम्ब्रींनी खिशातून चाकू काढला, शेवटच्या भिंतीवरचं बटण उचकटलं, मग मधलंही काढलं आणि दोन्ही मेजाच्या खणात चिकटपट्टीने चिकटवली. “माणसं मिळेपर्यंत हो, तात्पुरतं,” असं ते म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तसंच हे. खुर्चीत बसल्या बसल्या टुक्, टुक्, टुक्. पाच सेकंदांत फेरी संपायची.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पण मला एकच शब्द येतो, आणि तो मी इमानाने उच्चारत राहिले. खणातल्या बटणावर टेकवलं तरी माझ्या पोटात ‘शेवटची भिंत तपासली’ असंच लिहिलं जायचं. त्या वर्षी आमच्या तुरुंगाला वरून प्रशस्तिपत्र आलं, ‘सलग अकरा महिने एकही फेरी चुकली नाही’. ते चौकटीत घालून दारापाशी लावलं होतं. कागदी घोडे कसे नाचतात, ते मी रोज त्या चौकटीत बघायचे.

अशा वेळी ओडेसा पेटवे कामावर आल्या. चाळिशीच्या, काळ्या, अंगाने थोराड. त्या भागात तुरुंगाशिवाय दुसरी नोकरी नव्हती. त्या मात्र खरोखर चालायच्या. सगळ्या चोवीस कोठड्यांत डोकावून यायच्या आणि मग खणातल्या बटणांना मला लावायच्या. त्यामुळे झालं काय, इतरांच्या फेऱ्या वेळेवर दिसायच्या आणि त्यांच्या रोज सहा-सात मिनिटं उशिरा. महिन्याभरात त्यांच्या हातात ताकीदपत्र पडलं.

“पेटवे, तू चालतेस म्हणून माझा आलेख वाकडा होतो गं,” हेम्ब्री म्हणाले. कचेरीतल्या गोऱ्या कारकून बाईला ते ‘मिस’ म्हणायचे, पेटवेबाईंना नुसतं ‘पेटवे’.

“पण सार्जंट, फेरी म्हणजे बघून यायचं ना?”

“फेरी म्हणजे यंत्रात काय उमटतं ते. आणखी एक ताकीद मिळाली की घरी बसशील. मग चाल हवी तेवढी, आपल्या अंगणात.”

त्या चार-पाच दिवस धुमसल्या. मग त्याही बसल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की संन्यासीसुद्धा शहाणा होतो, त्याला काय करणार?

रांगेच्या शेवटी मात्र एक माणूस हिशेब ठेवत होता. इझेल टोलिव्हर त्याचं नाव. सत्तरीचा कैदी, तुरुंग झाडायचं काम त्याच्याकडे होतं. तरुण पोरं त्याला ‘अंकल’ म्हणायची आणि पेटवेबाईही कुणी नसताना अंकलच म्हणायच्या, कारण तो त्यांच्या गावाकडचा. पहारेकरी खरोखर दारावरून गेला की अंकल इझेल आपल्या बायबलच्या समासात एक रेघ ओढायचा. पूर्वी पानं रेघांनी भरायची. आता पान पान कोरं जात होतं.

त्याच्या शेजारच्या कोठडीत लुशियस बॅटल होता. तिशीतला, बारीक, हसरा. त्याला सिकलसेलचा आजार होता. उन्हाने अंगातलं पाणी आटलं की त्याच्या रक्ताच्या पेशी वाकड्या होऊन अडकायच्या आणि हाडं आतून कुणी पिळतंय अशा वेदना व्हायच्या. असा त्रास झाला की लगेच सलाइन आणि दवाखाना हवा, हे त्याच्या कागदांवर लिहिलेलं होतं.

तिकडे ऑगस्ट म्हणजे भर उन्हाळा, आणि त्या ऑगस्टमध्ये उन्हाने कहर केला होता. सकाळी नर्स मेजापाशी आली. हेम्ब्रींनी तिला सांगितलं, “तो पुन्हा दुखतंय म्हणून ओरडतोय.” नर्स दोन कोठड्या चालली, घाम पुसला आणि परत फिरली. “औषधासाठी नाटकं आहेत ही. ह्यांना दुखतं कमी, ओरडणं जास्त,” असं म्हणून तिने कागदावर ‘तपासले, ठीक’ लिहिलं. ती शेवटपर्यंत गेलीच नव्हती.

दुपारी मी पेटवेबाईंच्या हातात होते. अडीचच्या सुमाराला शेवटच्या टोकाला दारं वाजू लागली. त्या रांगेत अशी रीतच होती. कुणाला काही झालं की शेजारी दारावर लाथ मारायचा, मग त्याचा शेजारी, असं करत हाक मेजापर्यंत पोहोचवायची. पण उन्हाळ्यात बर्फासाठीही दारं वाजायची, आणि कान त्याला निर्ढावले होते.

“माणूस पडलाय! मिस पेटवे, माणूस पडलाय!”

त्या उठल्या. मी त्यांच्या मुठीत होते, त्यांची बोटं घट्ट झालेली मला कळली.

“बस गं खाली,” हेम्ब्री म्हणाले. “रोजचंच आहे. मला फाटकावर जायचंय, मेज रिकामं सोडलंस तर बघ.”

आणि त्या बसल्या. पावणेतीनला त्यांनी मला खणात टेकवलं. सव्वातीनला टेकवलं. पावणेचारला टेकवलं. तिन्ही वेळा मी ‘टुक्’ केलं. तिन्ही वेळा शेवटची भिंत तपासली गेली. दारं वाजतच होती, मग हळूहळू एकेक दार गप्प झालं.

चार वाजता गणती असते. तेव्हा प्रत्येक कैद्याला उभं करून डोळ्यांनी बघावंच लागतं, तिथे माझी लबाडी चालत नाही. पेटवेबाई निघाल्या. शेवटून दुसऱ्या दारापाशी त्या थांबल्या. लुशियस जमिनीवर होता, गाल फरशीला लावून, गारवा शोधत असल्यासारखा. तो गेलेला होता.

पलीकडच्या दारातून अंकल इझेल एवढंच म्हणाला, “आता आलात, मिस पेटवे.”

त्याने त्यात राग घातला नाही. राग घातला असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी हेम्ब्रींनी दोन्ही बटणं गोंद लावून पुन्हा भिंतीवर बसवली. चौकशी झाली. पंधरा कैद्यांनी सांगितलं की दुपारभर कुणी आलं नाही. अंकलने बायबल पुढे केलं. चौकशी अधिकाऱ्याने ते उघडूनही पाहिलं नाही. “एकीकडे कैद्यांच्या रेघोट्या आणि दुसरीकडे यंत्र,” तो म्हणाला. “यंत्राला काळं-गोरं कळत नाही. ते कशाला खोटं बोलेल?”

खरं आहे, मित्रांनो. मला काळं-गोरं कळत नाही. पण मी ज्यांच्या हातात होते त्यांना कळत होतं, आणि माझी नोंद त्यांच्या कामी आली. माझ्या तीन टुकांपुढे पंधरा माणसांचा शब्द हरला. लोखंडालाही लाज वाटते का, असं कुणी विचारलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

लुशियसची आई, मिसेस वर्नेल बॅटल, स्वस्थ बसली नाही. चर्चमधल्या बायका घेऊन, पत्रं लिहून, दारं झिजवून तिने राज्याच्या राजधानीतल्या न्यायालयात सुनावणी लावायला भाग पाडलं. तोवर पुन्हा उन्हाळा आला होता. एका दुपारी शेवटची भिंत इतकी तापली की हेम्ब्रींचा गोंद सुटला आणि बटण खाली पडलं. झाडताना ते अंकल इझेलला सापडलं. त्याने ते अधिकाऱ्यांना दिलं नाही, मिसेस बॅटलच्या वकिलालाही दिलं नाही. झाडू घेऊन तो मेजापाशी आला आणि त्याने ते पेटवेबाईंच्या समोर ठेवलं.

“हे तुमचं पडलं होतं, मिस पेटवे.”

“अंकल, मी…”

“मला काही सांगू नका. माझं ऐकून कोण घेतंय? तुमचं घेतील.”

सुनावणीच्या दिवशी मला मेजावर मांडून ठेवलं होतं. तुरुंगाची साक्षीदार म्हणून मीच आले होते! शेजारी संगणक. तुरुंगाच्या वकिलाने पेटवेबाईंना विचारलं, “पावणेतीन, सव्वातीन, पावणेचार. या नोंदी बरोबर आहेत ना?”

“नोंदी बरोबर आहेत,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पर्समधून रुमाल काढला, रुमालातून बटण काढलं, मला उचललं आणि त्या बटणाला लावलं.

टुक्.

“वाचा,” त्यांनी संगणकावरच्या माणसाला सांगितलं.

त्याने पडद्याकडे पाहिलं, घसा खाकरला. “टर्नर्स बेंड, तिसरी रांग, शेवटची भिंत. तपासणी झाली. अकरा वाजून चार मिनिटं.”

टर्नर्स बेंड तिथून शंभर मैलांवर होतं. पेटवेबाई म्हणाल्या, “अशीच तपासणी झाली त्या दिवशी. तिन्ही वेळा माझ्या हाताने. दारं वाजत होती, मला ऐकू येत होती, आणि मी उठले नाही.” आयुष्यात एवढं खरं त्या एकदाच बोलल्या असतील, आणि ते दहा महिने उशिरा.

मधल्या सुट्टीत मिसेस बॅटल त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. डोक्यावर चर्चला जातानाची जांभळी टोपी, हातात काठी. मला वाटलं, आता ही शिव्याशाप देणार. तिने फक्त विचारलं, “किती लांब होतं गं? तुझ्या खुर्चीपासून त्याच्या दारापर्यंत?”

“शेवटच्या भिंतीपर्यंत बावन्न पावलं. त्याच्या दारापर्यंत… दोन-तीन कमी.”

म्हातारी वळली आणि सभागृहाच्या मधल्या वाटेने चालू लागली. एक, दोन, तीन, असं मोठ्याने मोजत. गुडघ्यांमुळे हळू चालत होती, काठी टेकत. वाटेत लोक बाजूला झाले. एकोणपन्नासवर ती थांबली आणि तिने मागे वळून पाहिलं. पेटवेबाई तिथून स्पष्ट दिसत होत्या.

“एवढंच?” ती म्हणाली.

पुढे सुधारणा झाल्या. बटणं आता पोलादी खिळ्यांनी ठोकली आहेत, शेवटच्या कोठड्यांना पंखा आहे, आणि आजाऱ्याच्या दारापर्यंत गेल्याशिवाय नर्सला ‘ठीक’ लिहिता येत नाही. हेम्ब्रींची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली. पेटवेबाईंची नोकरी गेली. कुठल्या रंगाच्या माणसाला कुठली कोठडी, हा प्रश्न विचाराधीन आहे, असं शेवटचं माझ्या कानावर आलं. माझ्या जागी नवी कांडी आली आहे. ती म्हणे माझ्यापेक्षा हुशार आहे. मीही हुशारच होते.

मित्रांनो, तुमच्या हातात कधी माझ्यासारखी एखादी वस्तू येईल. हजेरीची वही असेल, सहीचा कागद असेल, ‘तपासले’ म्हणायचा शिक्का असेल. तिच्यावर फार विसंबू नका. तिला तुमचं बोट कळतं, तुमचे पाय कळत नाहीत. आणि जो आत बंद आहे, त्याने काहीही केलेलं असो, तो दार वाजवू लागला तर आधी उठा. बावन्न पावलं काही फार नसतात.